वीस लाख, गावची शाळा आणि मुलाचं गप्प बसणं

«मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. वय ७१. यजमानांना जाऊन चार वर्षं झाली. पेन्शन मला पुरून उरते. ठेवी ३८ लाखांच्या आसपास आहेत, साताऱ्यात माझ्या नावावर फ्लॅट आहे आणि गावात सासऱ्यांच्या वेळचं घर आहे. मुलगा पुण्यात, मुलगी न्यू जर्सीत. तिने तिकडचं नागरिकत्व घेतलंय. दोघांचं छान चाललंय. वीस लाख रुपये आणि गावचं घर शाळेला द्यावं, त्यातून दहावीला गणितात पहिल्या येणाऱ्या मुलीला दरवर्षी यजमानांच्या नावाने शिष्यवृत्ती मिळावी आणि हे कायम चालावं, असं मनात आहे. मृत्युपत्रात लिहू की आत्ताच देऊ? स्वतःचा ट्रस्ट काढू का? गावच्या वाचनालयाचे अध्यक्ष म्हणतात, आमच्याकडे द्या, सभागृहाला साहेबांचं नाव देतो. मुलीला सांगितलं तर म्हणाली, मीही भर घालते. मुलाला सांगितलं, तो काहीच बोलला नाही. ते मनाला लागून राहिलंय.»
— एक वाचक, सातारा

नमस्कार बाई,

आधी घराचं बोलू, कारण ते तुमचं एकटीचं नसावं. सासऱ्यांच्या वेळचं घर म्हणजे त्यात यजमानांच्या भावाबहिणींचा हिस्सा आहे की नाही, ते पाहावं लागेल. तो प्रश्न नसला, तरी यजमान मृत्युपत्र न करता गेले असतील तर त्यांचा वाटा साधारणपणे तुम्ही, मुलगा आणि मुलगी अशा तिघांत सारखा विभागला गेलाय. तुम्ही देऊ शकता तो फक्त तुमचा हिस्सा. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर तुमचं नाव लागलं असेल आणि घरपट्टी तुम्ही भरत असाल, तरी त्याने मालकी ठरत नाही. ती कर आकारणीची नोंद आहे. घर द्यायचंच असेल तर आधी मुलांनी आपापले हिस्से नोंदणीकृत हक्कसोडपत्राने तुमच्याकडे द्यावे लागतील. आणि खरं विचाराल तर शाळेला त्या घराचं करायचं काय? कौलं फेरायची कुणी, भाडेकरू बाहेर काढायचा कुणी? पुढे विकायचं ठरलं तर सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, त्यात वर्षं जातात. घर सोडा. शेतजमीन असती तर आणखी जोराने सोडा म्हटलं असतं. ती संस्थेच्या नावे मृत्युपत्राने करताना कूळकायदा आडवा येतो.

मुलाच्या गप्प बसण्याचं मूळही कदाचित या घरातच असेल, वीस लाखांत नाही. फ्लॅट तुमच्या नावावर आहे, ठेवी तुमच्या आहेत. त्यांचं काय करायचं हे ठरवायला तुम्ही मुखत्यार आहात. पण ज्या घरात त्याच्या उन्हाळ्याच्या सुट्या गेल्या, ते शाळेला देणार असं आईने परस्पर सांगितलं. ‘आपलं’ घर ‘मी’ देतेय, हे त्याच्या कानाला खटकलं असणार. घराचा विषय मागे घेतलाय एवढं त्याला सांगा आणि पुन्हा बसून बोला. तेव्हाही गप्प राहिला तर कारण वेगळं आहे. ते विचारावं लागेल, पत्रावरून मला ओळखता येणार नाही.

आता पैशाकडे येते. संस्थांचे हिशेब तपासण्यात माझी हयात गेली. त्यात ‘कायम’ या शब्दाचे जेवढे हाल पाहिले तेवढे दुसऱ्या कशाचे नाहीत. एका जुन्या शाळेच्या दप्तरात १९७८ सालची १,००१ रुपयांची ठेव होती: कै. अमुक स्मृती पारितोषिक, संस्कृतात पहिल्या येणाऱ्यास. त्या काळी वर्षाला नव्वद-शंभर रुपये व्याज यायचं. त्यात शब्दकोश आणि कापडी बांधणीची दोन पुस्तकं येत. मी ते दप्तर तपासलं तेव्हा सत्तरच्या आत व्याज येत होतं. स्नेहसंमेलनात नाव पुकारलं जायचं, टाळ्या व्हायच्या, मुलाच्या हातात पाकीट पडायचं आणि पाकिटात एक पेन. पेनाची बाकी किंमत मुख्याध्यापक खिशातून घालायचे. अशी बावीस पारितोषिकं होती. देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती आणि शाळेनेही एक पैसा खाल्ला नव्हता. मुद्दल जिथल्या तिथे होतं. नुसतं जिथल्या तिथे राहिलं, हाच त्याचा दोष.

तुमचंच गणित करून पाहू. गणिताच्या बाईंना मी काय सांगणार म्हणा. वीस लाखांवर सात टक्क्यांनी १ लाख ४० हजार व्याज येईल. महागाई पाच टक्के धरली तर चौदा-पंधरा वर्षांत भाव दुप्पट होतात, म्हणजे तेवढ्याच व्याजाची किंमत निम्मी राहते आणि तीस वर्षांनी पाव. सगळं व्याज दरवर्षी वाटून टाकलं तर तुमच्या नातवंडांच्या वयाच्या मुलींना पेनच मिळेल. यावर उपाय म्हणजे व्याजाचा तिसरा हिस्सा दरवर्षी मुद्दलात परत टाकायचा, ही अट देणगीच्या कागदातच लिहायची. पहिल्या वर्षी वाटायला ९३ हजारांच्या आसपास राहतील, पण तीसेक वर्षांत मुद्दल चाळीस लाखांवर जाईल. एवढ्यानेही महागाई पुरती गाठता येत नाही. उरलेली भर माणसांनी घालायची असते. बहुजन समाजातल्या मुलांची वसतिगृहं एके काळी मुष्टिफंडावर चालली. घरोघरच्या बाया दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायच्या. तुमच्या हाताखालून गेलेल्या किती मुली आज नोकरीत आहेत? त्यांच्यातल्या तीस जणींनी वर्षाला हजार रुपये घातले, तर तुमच्या निधीला महागाईची भीती बरीच कमी होईल. आणि मेलेल्या माणसाच्या निधीत कुणी भर घालत नाही, हयात बाईंच्या निधीत घालतात.

म्हणून तुमच्या मुख्य प्रश्नाला माझं उत्तर: दोन्ही करा. पाच लाख आत्ता द्या, बाकीचं मृत्युपत्रात लिहा. पाच लाखांवर दोन-तीन वर्षं निधी कसा चालतो ते डोळ्यांनी बघा. निवड कोण करतं, पैसे मुलीच्या खात्यात वेळेवर जातात की मार्च उजाडतो, हिशेब मागितल्यावर कपाळाला आठी पडते का. ठीक चाललं तर मृत्युपत्र तसंच ठेवा; नाही पटलं तर बदला. मृत्युपत्र मरेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं, दिलेली देणगी परत मागता येत नाही. आणि तुमचं वय ७१. पुढे आजारपण आलं, घरी बाई ठेवावी लागली, तर आज जास्तीचे वाटणारे वीस लाख जास्तीचे राहणार नाहीत. आत्ताच सगळं देऊन मग मुलाकडे हात पसरायची वेळ आली, तर त्याचं आजचं गप्प बसणं बरं होतं असं वाटेल.

करबचतीचं कारण पुढे करून कुणी घाई लावली तर ऐकू नका. आपल्याकडे वारसाकर १९८५ सालीच गेला. अमेरिकेत मोठ्या इस्टेटीवर कर आहे, त्यामुळे मुलीच्या ओळखीतले श्रीमंत लोक मृत्युपत्रातून देणग्या देतात त्यात कराचाही हिशेब असतो. तुमच्यावर तसलं दडपण नाही. हयातीत दिलेल्या देणगीवर आयकरात सूट (८०-जी म्हणतात ती) मिळते, पण जुन्या करप्रणालीत विवरणपत्र भरत असाल तरच, तीही बहुतेक संस्थांच्या बाबतीत निम्म्या रकमेवर आणि उत्पन्नाच्या मर्यादेत. दोन हजारांवरच्या रोख देणगीवर ती मुळीच मिळत नाही. चेकने द्या, सूट मिळाली तर मिळाली.

स्वतःचा ट्रस्ट काढू नका. वीस लाखांच्या ट्रस्टला नोंदणी करा, दरवर्षी ऑडिट करा, विवरणपत्रं भरा, एक विश्वस्त वारला की बदल अर्ज दाखल करा, आयकराची नोंदणी मुदतीत नवी करून घ्या; शिष्यवृत्ती मिळणाऱ्या मुलीपेक्षा सीएला जास्त जातील. शिवाय एक बारकी गोष्ट आहे. करसवलत घेणाऱ्या न्यासाला वर्षाच्या उत्पन्नातला ८५ टक्के भाग साधारणपणे त्याच वर्षी उद्दिष्टांवर खर्चावा लागतो, मागे ठेवता येतो तो १५ टक्के. हा हिशेब सगळ्या संस्थेचा मिळून धरतात, एकेका निधीचा नाही. त्यामुळे व्याजाचा तिसरा हिस्सा मुद्दलात टाकणं चालत्या मोठ्या संस्थेला सहज जमतं, एवढाच एक निधी असलेल्या तुमच्या ट्रस्टला अवघड जाईल. आणि तुमच्यानंतर तो बघणार कोण, हा प्रश्न आहेच. मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात, तिसरा विश्वस्त तुमच्याच वयाची मैत्रीण!

तेव्हा शाळेलाच द्या. फक्त ‘शाळेला’ असं लिहू नका. शाळा ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती नसते, ती कुठल्यातरी शिक्षण संस्थेची शाखा असते. तुमच्या जिल्ह्याला हे सांगायला नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून सातारकरांना ‘शाखा’ म्हणजे काय ते ठाऊक आहे. पैसे संस्थेच्या नावाने जातात आणि संस्थेचं कार्यालय गावापासून शंभर किलोमीटरवर असू शकतं. म्हणून देणगीपत्रात आणि मृत्युपत्रात संस्थेचं पूर्ण नाव, न्यास नोंदणी क्रमांक, कोणत्या शाखेसाठी आणि कशासाठी, हे सगळं हवं. ‘ही देणगी संस्थेच्या कायम निधीसाठी असून मुद्दल खर्च करू नये’ हे वाक्य ठळक हवं. ते नसलं की हिशेबनीस रक्कम त्या वर्षीच्या देणगीखात्यात जमा धरतो, आणि मग पुढच्या रंगकामात तुमचे वीस लाख कुठे गेले ते देवालाही सापडत नाही.

द्यायच्या आधी संस्थेकडून दोन कागद मागून घ्या. एक, परिशिष्ट एकचा उतारा, धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीतला. त्यावर आजच्या विश्वस्तांची नावं असली पाहिजेत. जुन्या संस्थांत पुष्कळदा निम्मे विश्वस्त स्वर्गवासी असतात, बदल अर्ज वर्षानुवर्षं प्रलंबित असतात आणि भांडण सुरू झालं की पहिल्यांदा बँक खातं गोठतं. दुसरा कागद म्हणजे गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद. ताळेबंदात डाव्या बाजूला निधी लिहिलेले असतात, पारितोषिक निधी, शिष्यवृत्ती निधी, इमारत निधी. त्यातल्या कायम निधींची बेरीज करा आणि उजव्या बाजूला मुदत ठेवी किती आहेत त्या बघा. डावीकडे बारा लाखांचे निधी आणि उजवीकडे चार लाखांच्या ठेवी असतील, तर आठ लाखांचं काहीतरी वेगळं झालंय. बहुतेक वेळा त्याची इमारत झालेली असते. इमारत वाईट नव्हे, पण ती व्याज देत नाही. हा एक पडताळा दहा लोकांच्या शिफारशींपेक्षा खरा.

ठेव कुठे ठेवायची हेही लिहून द्या. गावाकडे पतसंस्था टक्का-दीड टक्का जास्त देतात आणि संचालक ओळखीचे असतात. पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विम्याचं संरक्षण नाही. बँकेतल्या ठेवीला आहे, पण एका ठेवीदाराला एका बँकेत व्याजासकट पाच लाखांपर्यंतच. न्यासाचा पैसा गुंतवायला कायद्याने ठिकाणंही ठरवून दिलेली आहेत. तेव्हा ‘राष्ट्रीयीकृत बँकेत’ एवढे दोन शब्द घाला, पुढची बरीच मोहाची वळणं बंद होतात.

आता मला तुमच्याशी थोडं भांडायचंय. गणितात पहिली येणारी मुलगीच का? शंभरातले सत्त्याण्णव मिळवणाऱ्या मुलीचा सत्कार ग्रामपंचायत करते, पतसंस्था करते, आमदारांचा फ्लेक्स लागतो. बाई, तुमच्याच वर्गात अशी एक मुलगी असणार, जिला अठ्ठावन्न टक्के पडले आणि जून उजाडला तरी घरातून अकरावीचं नाव निघेना. तिला पाकीट नको असतं. वसतिगृहाची अनामत, मेसचे दहा महिने आणि एखादा सेकंडहँड लॅपटॉप लागतो. हुशारीला बक्षीस द्यायचं की अडलेलीला वाट करून द्यायची, हे तुम्ही ठरवा, निधी तुमचा आहे. दोन्ही एका निधीतून होत नाही, एवढं खरं.

काहीही ठरवलंत तरी अट घट्ट आवळू नका. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ झाली. त्याआधी कुणी ‘इंजिनिअरिंगला जाणाऱ्या गरीब मुलीची फी भरावी’ एवढंच लिहून ठेवलं असेल, तर तो निधी आज कुलपात आणि ती मुलगी मेसच्या बिलाशी झगडतेय. उद्दिष्ट बदलायचं म्हटलं की धर्मादाय आयुक्त, प्रसंगी न्यायालय. बेंजामिन फ्रँकलिनने १७९० साली बोस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांना एकेक हजार पौंड ठेवले, तरुण कारागिरांना कर्जाऊ द्यायला, दोनशे वर्षांच्या मुदतीने. पैसे वाढत गेले, पण उमेदवारी करून स्वतःचं दुकान थाटणारे तसले कारागीरच राहिले नाहीत. फ्रँकलिनइतक्या धूर्त माणसाचं हे झालं. तुम्ही लिहा की ‘या शाखेतल्या विद्यार्थिनींच्या पुढील शिक्षणातली अडचण दूर करण्यासाठी, दहावीनंतर गणित किंवा विज्ञान घेणाऱ्या मुलींना प्राधान्य.’ प्राधान्य म्हणा, अट म्हणू नका. त्याखाली एक ओळ घाला: शाखा बंद झाली तर तालुक्यातल्या त्याच प्रकारच्या शाळेसाठी. गावोगावी पट घसरतोय हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

निवडीसाठी तिघांची समिती पुरे: त्या वेळचे मुख्याध्यापक, शाळेची एक माजी विद्यार्थिनी आणि पहिली दहा वर्षं तुमच्या घरातलं कुणीतरी. ही जागा मुलाला द्या. वर्षातून एकदा पुण्याहून यायचं, चार मुलींचे अर्ज वाचायचे, त्यांच्या घरी जाऊन यायचं. वडिलांच्या नावाचा निधी आहे; त्यात त्याचं काम काहीच नसेल तर तो त्याला फक्त आपल्या वाट्यातून गेलेल्या पैशासारखा दिसणार.

मृत्युपत्रात ‘वीस लाख’ असा आकडा घालू नका. ‘माझ्या मृत्यूसमयी शिल्लक ठेवींपैकी अमुक हिस्सा’ असं लिहा, म्हणजे आजारपणात ठेवी मोडल्या तर मुलांच्या वाट्याला नुसतं देणं येणार नाही. दोन साक्षीदार हवेत, दोघांनी तुमची सही होताना पाहिलेली हवी आणि दोघंही त्या पैशाशी संबंध नसलेले, तुमच्यापेक्षा तरुण. मुख्याध्यापकांना किंवा संस्थेच्या माणसाला साक्षीला घेऊ नका. मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकांकडे करून घ्या, शुल्क किरकोळ आहे. सोबत त्याच तारखेचा डॉक्टरांचा दाखला जोडा. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, म्हणून मुलाचं नाव घाला, त्याला विचारून. सगळ्या ठेवींवर नॉमिनी तोच असणार, असं धरून चालते. बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते, पण नॉमिनी मालक होत नाही. मृत्युपत्रात लिहिलंय तसं त्याला पुढे द्यावं लागतं. हे त्याला आज माहीत असणं आणि तुमच्या तेराव्यानंतर संस्थेच्या पत्रातून कळणं, यात फार फरक आहे.

मुलीला मात्र सध्या थांबवा. तिने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी तिची देणगी कायद्याने परदेशी देणगी ठरते. ती स्वीकारायला संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यायला हवेत. तिने परस्पर शाळेच्या खात्यावर पाठवले तर अडचणीत शाळा येईल. ती भारतीय नागरिक राहून तिकडे नोकरी करत असती, तर हा प्रश्न आला नसता. संस्थेकडे नोंदणी आहे का ते विचारा. मोठ्या संस्थांकडे असते. नसेल तर तिची भर पैशाऐवजी वेळाची घ्या. महिन्यातून एका रविवारी व्हिडिओ कॉलवर त्या मुलींचं इंग्रजी, नाहीतर नुसती चौकशी.

राहिले वाचनालयाचे अध्यक्ष. गावचं वाचनालय चालावं असं मलाही वाटतं, आणि तुम्हाला रोज त्यांच्या दारावरून जायचंय. पण सभागृहाला नाव देतो म्हणजे तुमच्या पैशातून सभागृह बांधणार आणि पुढे ते लग्नाला भाड्याने जाणार. सरळ नाही म्हणणं जड जात असेल तर त्यांच्याकडेही तेच दोन कागद मागा, परिशिष्ट एकचा उतारा आणि तीन वर्षांचे ताळेबंद. आणून दिले तर पुस्तक खरेदीसाठी पंचवीस हजारांचा चेक द्या, पावती घ्या. नाही आणले तर ते पुन्हा विषय काढणार नाहीत.